नियोगी समिती, दीक्षाभूमी आणि आपला ख्रिस्ती शेजारी

महाराष्ट्रात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा पुन्हा तापली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने 'लव्ह जिहाद' आणि सक्तीचे धर्मांतर या विषयांवर कायदेशीर उपाय सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात आदिवासी भागातली चर्चची बांधकामे आणि धर्म बदललेल्यांची जातप्रमाणपत्रे हे विषय सभागृहात गाजले. तेव्हापासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आंबेडकरी तरुणांच्या ग्रुपवर एक सूर सारखा ऐकू येतो : "हा मिशनऱ्यांचा प्रश्न आहे. आपण बौद्ध. आपला काय संबंध?" काहीजण त्याच्याही पुढे जातात. तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला, ही हिंदुत्ववाद्यांनी प्रचारात आणलेली शिवी आपलीच पोरे ख्रिस्ती माणसाला घालू लागली आहेत.

मित्रांनो, ज्याला आपला इतिहास माहीत आहे तो ही शिवी तोंडात घेऊ शकत नाही. धर्मांतर करणाऱ्या गरीब माणसाच्या मनावर सरकारी पहारा बसवण्याची जी मांडणी आज देशभर कायदा होऊन बसली आहे, तिचा एक मोठा सरकारी दस्तऐवज आपल्याच प्रांतात, आपल्या दीक्षेच्याच वर्षी तयार झाला. समितीच्या दौऱ्यात आपले यवतमाळही होते. आणि तो दस्तऐवज ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते गृहस्थ त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांच्या दीक्षा सोहळ्यात बौद्ध झाले. हा इतिहास आपण आपल्या तरुणांना सांगत नाही. तो सांगितला पाहिजे.

यवतमाळ मध्य प्रदेशात होते तेव्हा

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ हा जुन्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी. मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. या सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. ठरावाची तारीख १४ एप्रिल १९५४, म्हणजे बाबासाहेबांचा जन्मदिवस. समितीचे अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. एम. भवानीशंकर नियोगी. सभासदांमध्ये ख्रिस्ती एकच, वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज.

समिती १४ जिल्ह्यांत फिरली. छत्तीसगडच्या आदिवासी पट्ट्याबरोबर वऱ्हाडातले अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलडाणा हे चारही जिल्हे त्यात होते. समिती सुमारे ७०० गावांतल्या ११,३६० लोकांना भेटली आणि ३७५ लेखी निवेदने तिच्याकडे जमा झाली. तिने एक लांबलचक प्रश्नावलीही काढली होती. तिला आलेल्या ३८५ उत्तरांपैकी ख्रिस्ती लोकांची उत्तरे फक्त ५५. ज्यांच्याबद्दल चौकशी, त्यांचा आवाज सातात एक. हे प्रमाण ध्यानात ठेवा.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा मिशन नवे नव्हते. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचे लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून वऱ्हाडात काम करत होते. १९५३ मध्ये यवतमाळ शहरात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले तरुण धर्मगुरू होण्यासाठी इथे शिकायला येत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. पांढरकवड्याजवळच्या उमरीच्या मिशन दवाखान्याचे नाव आजही जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. म्हणजे समिती ज्याला संशयाने पाहत होती ते सगळे इथे होते : परदेशी पंथ, शाळा, दवाखाना, बायबल.

अहवाल काय म्हणाला

१८ एप्रिल १९५६ रोजी अहवालावर सह्या झाल्या. त्याच्या शिफारशी सविस्तर आहेत, त्यातल्या चार आपल्या कामाच्या. एक, ज्या परदेशी मिशनऱ्यांचा मुख्य हेतू धर्मांतर हाच आहे त्यांना देशाबाहेर जायला सांगावे. दोन, वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून होणारा वापर कायद्याने बंद करावा. तीन, राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय धर्मप्रचाराचे साहित्य वाटू देऊ नये. चार, धर्मप्रचाराचा हक्क फक्त भारतीय नागरिकांना आहे आणि सक्तीने वा फसवणुकीने होणारे धर्मांतर त्यात येत नाही, असे स्पष्ट करणारी घटनादुरुस्ती करावी.

सक्ती आणि फसवणूक वाईटच. त्याबद्दल आमचे दुमत नाही. भुकेल्याच्या भुकेचा सौदा करणारा धर्मप्रचारक कुठल्याही धर्माचा असो, तो निषेधार्हच आहे आणि त्याच्यासाठी फौजदारी कायदा आधीपासून आहे. आमचा आक्षेप त्यामागच्या गृहीतकाला आहे. आदिवासी आणि अस्पृश्य माणूस स्वतःच्या बुद्धीने धर्म बदलू शकत नाही, त्याला कोणीतरी आमिष दाखवलेच असणार, असे हे गृहीतक सांगते. शाळेत गेला तर शाळेचे आमिष, औषध घेतले तर औषधाचे. हजारो वर्षे ज्यांनी त्याला शाळा दिली नाही, औषध दिले नाही, विहिरीवर येऊ दिले नाही, त्यांच्यावर मात्र चौकशी समिती बसली नाही.

आता आपल्या इतिहासाशी ताडून पाहा. १८४१ ते १८४७ या काळात जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मातंग मुलगी मुक्ता साळवे हिने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये छापला तो मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' या पत्राने. आपल्या लोकांना नेमका धर्म कोणता, हा तिचा प्रश्न एका ख्रिस्ती नियतकालिकातून महाराष्ट्रापुढे आला. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाने स्वतःचा सत्यधर्म उभा केला. आमिषाच्या सिद्धांतात हा माणूस कुठे बसवायचा?

सहा महिन्यांनी

अहवालावर सह्या झाल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. वऱ्हाडातून, यवतमाळ जिल्ह्यातून आपले आजे-पणजे गेले. मिळेल त्या वाहनाने गेले, पायी गेले. बायका कडेवर लेकरे घेऊन गेल्या. कोणी कलेक्टरला अर्ज दिला नाही, तहसीलदाराकडून मनाची तपासणी करून घेतली नाही. दोन दिवसांनी शेजारच्या चंद्रपुरात दुसरा सोहळा झाला. नागपूरच्या सोहळ्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी विदर्भ मुंबई राज्यात गेला. म्हणजे आपली दीक्षा नियोगी अहवाल मागवणाऱ्या राज्याच्या हद्दीत, त्याच राज्याच्या शेवटच्या दिवसांत झाली.

आणि त्या सोहळ्यात बौद्ध झालेल्यांमध्ये डॉ. भवानीशंकर नियोगीही होते.

नियोगींना ढोंगी म्हणून आम्ही हा विषय संपवणार नाही. निवृत्त मुख्य न्यायाधीशाने अस्पृश्यांच्या मेळाव्यात येऊन जन्माचा धर्म सोडणे ही १९५६ मध्ये साधी गोष्ट नव्हती. आम्ही याचा अर्थ असा लावतो : त्यांच्या लेखी बौद्ध धम्म या मातीतला होता, म्हणून त्याकडे जाणे हा विवेक, ख्रिस्ती धर्म बाहेरचा, म्हणून त्याकडे जाणे हा संशयाचा विषय. स्वतःच्या विवेकाला त्यांनी जो मान दिला तो सरगुजाच्या उरावला किंवा वऱ्हाडातल्या महाराला द्यायला त्यांचा अहवाल तयार नव्हता. सुशिक्षिताचे धर्मांतर चिंतनातून आणि गरिबाचे पोटातून, ही विभागणी जातीची आहे.

बाबासाहेबांचे नाव घेऊन

इथे समोरून हमखास एक मुद्दा येतो आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनीच म्हटले होते की अस्पृश्य इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्मात गेले तर ते राष्ट्रीयत्वापासून दूर जातील. हे खरे आहे. ख्रिस्ती मिशनांवर त्यांनी पुढे जे लिहिले तेही कडक आहे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की धर्मांतरासाठी आपण बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींचा विचार करतो; आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर व ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवले. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध लढायचे सोडतो, ही त्यांची मोठी तक्रार होती.

पण बाबासाहेबांनी स्वतः कोणता मार्ग निवडला हा एक प्रश्न आणि त्यांनी कायद्यात काय लिहिले हा दुसरा. १ मे १९४७ रोजी संविधान सभेत क. मा. मुनशींनी सुचवलेले एक कलम चर्चेला आले : फसवणूक, दडपण वा गैरवाजवी प्रभावाने झालेले आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीचे धर्मांतर कायद्याने मानू नये. बाबासाहेब उभे राहिले आणि अज्ञानांच्या तरतुदीतली अडचण त्यांनी दाखवून दिली. आईवडिलांनी धर्म बदलला तर त्यांच्या लहान लेकरांचे काय? कायदा लेकराला आईबापाच्या धर्मापासून तोडणार का? पुढे ते कलम संविधानात आलेच नाही. १४ ऑक्टोबरला कडेवर लेकरे घेऊन गेलेल्या बाया आठवा, म्हणजे या हरकतीचे मोल कळेल.

६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. 'प्रसार' हा शब्द काढा असा आग्रह काही सभासदांनी धरला. तो शब्द राहिला. आजच्या कलम २५ मध्ये हा हक्क फक्त नागरिकांना नाही, 'सर्व व्यक्तींना' आहे. नियोगी समितीला जे बदलायचे होते ते नेमके हेच. बाबासाहेबांनी चर्चवर टीका केली ती मोकळ्या मैदानात, वादाने. चर्चला बेड्या घालणारे कलम त्यांनी लिहिले नाही. टीका करणे आणि पोलीस पाठवणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने बाबासाहेबांचे अवतरण वापरू नये.

कायद्याच्या जाळ्यात कोण

ओरिसात १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशात १९६८ मध्ये कायदे झाले. मध्य प्रदेशच्या कायद्याने धर्मांतराची खबर जिल्हा दंडाधिकाऱ्याला देणे बंधनकारक केले. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरवले. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल दिला. या कायद्यांना नाव मात्र 'धर्मस्वातंत्र्य'. २०२१ चा उत्तर प्रदेशचा कायदा आणखी पुढे गेला. धर्म बदलणाऱ्याने ६० दिवस आधी कळवायचे. प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षण आले आणि 'चांगले राहणीमान'सुद्धा आले. धर्म बदलणारी व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर धर्मांतर घडवणाऱ्याला शिक्षा जास्त. म्हणजे कायद्याच्या नजरेत आपली आई आणि आपण, दोघेही अज्ञान मुलाच्या रांगेत.

आता ३१ मे १९३६ चे मुंबईतल्या महार परिषदेतले बाबासाहेबांचे भाषण, 'मुक्ती कोन पथे', पुन्हा वाचा. धर्मांतराचा विचार त्यांनी तिथे ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी केला आहे. धर्म बदलून तुमचे जगणे सुधारेल, समाजात बळ मिळेल, माणूस म्हणून किंमत मिळेल, हे ते लोकांना उघड सांगतात. ही व्याख्या ताणायचीच ठरवली तर ते भाषण प्रलोभनाच्या गुन्ह्यात बसेल.

ही भीती कल्पनेतली नाही. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म मानावा आणि हिंदूंनी बौद्ध होण्यासाठी राज्याच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. बौद्ध धम्माला स्वतंत्र म्हटले म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही, कारण तो परवाना मागण्यासाठी स्वतंत्र झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. तिथे हजर राहिले म्हणून उठलेल्या गदारोळात मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना चार दिवसांत राजीनामा द्यावा लागला. तेव्हा कोणी मिशनरी नव्हता, परदेशी पैसा नव्हता. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा होत्या.

प्रमाणपत्राचा धाक

दुसरे हत्यार जातप्रमाणपत्राचे. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून अन्य धर्मातल्या व्यक्तीने घेतलेले अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र रद्द केले जाईल. आपल्यातल्या काहींना हे बरे वाटले. आपला वाटा वाचला!

या नियमाचे मूळ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्यात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता, अपवाद शिखांमधल्या चार जातींचा. १९५६ मध्ये तो सर्व शीख दलितांना मिळाला आणि बौद्धांना १९९० मध्ये. मधली ३४ वर्षे आपल्या बापजाद्यांनी केंद्राच्या सवलती गमावून धम्म सांभाळला. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या, पण दिल्लीचे दार बंद होते. कागदावर हिंदू लिहा आणि नोकरी घ्या, हा सौदा तेव्हा आपल्यापुढे होता. कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि भिंतीवर दुसरे अशी ओढाताण झाली. आज तीच ओढाताण दलित ख्रिस्ती भोगतो आहे आणि आपण त्याला खोटारडा म्हणतो?

मग खरे आमिष कोणते? धर्म बदललास तर काहीतरी देतो म्हणणारे, की धर्म बदललास तर आहे ते काढून घेतो म्हणणारे? दलित ख्रिस्ती आणि मुस्लिमांच्या दर्जाचा प्रश्न तपासण्यासाठी २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. आपल्या वाट्याला धक्का न लावता त्यांना न्याय कसा मिळेल, राखीव जागांची मर्यादा कशी वाढेल, यावर आंबेडकरी चळवळीने आपली मागणी मांडली पाहिजे. भाकरी लहान आहे म्हणून शेजाऱ्याला पंगतीतून उठवणे हा आपला संस्कार नाही.

बायबल जगणारे

आम्ही बौद्ध आहोत. ईश्वर, आत्मा, पापमुक्ती यांवर आमचा विश्वास नाही आणि ते आम्ही लपवत नाही. पण दुसऱ्याचे शास्त्र प्रामाणिकपणे वाचता येते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू भर दुपारी विहिरीवर एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ज्यांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत अशा समाजाची ती बाई. ती स्वतः चकित होते. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली ओंजळ भरलेल्यांच्या वारसांना या गोष्टीचा अर्थ कोणी फोडून सांगायला नको. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरला दलित ईश्वरशास्त्राची मांडणी सुरू केली ती अशाच वाचनातून : दलिताचे दुःख हीच शास्त्र वाचण्याची जागा.

हे शास्त्र आपल्या काळात जगून दाखवणारी माणसे आपण पाहिली आहेत. यवतमाळच्या जानेवारी २०१९ च्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले तेव्हा आपल्या जिल्ह्याची मान खाली गेली. पुढच्याच संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले आणि ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध सुरू झाला. वसईत जमिनी आणि झाडे वाचवण्यासाठी 'हरित वसई'चे आंदोलन उभे करणारा, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा हा माणूस जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला गेला आणि अध्यक्षपदावरून बोलला.

आणि फादर स्टॅन स्वामी. झारखंडच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या आदिवासी पोरांसाठी लढलेला हा जेसुइट पाद्री. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांना अटक झाली. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पेला धरता येत नसे, म्हणून नळीचा पेला मिळावा यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत ते गेले. ज्या भीमा कोरेगावला आपण दर १ जानेवारीला मानवंदना देतो, त्या नावाच्या खटल्यात मेलेला माणूस ख्रिस्ती धर्मगुरू होता. ख्रिस्ती माणूस लढत नाही ही बाबासाहेबांची तक्रार होती. स्टॅन स्वामींनी तिला आपल्या आयुष्याने उत्तर दिले.

म्हणून चर्चलाही आमचे सांगणे आहे. सगळ्या चर्चने हे उत्तर दिलेले नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदिर अजून आहेत. तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांना स्मशानभूमीतही वेगळे पाडल्याची उदाहरणे आहेत. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाचे पत्र रविवारी वाचायचे आणि सोयरिकीच्या वेळी जात विचारायची, हे चालणार नाही. दिव्य प्रार्थनेने आजार बरा होतो म्हणून गरिबाचे औषध बंद करणाऱ्या प्रचारकाला चर्चनेच आधी थांबवले पाहिजे. तुमचे शास्त्र तुम्ही जगा, म्हणजे तुमचा बचाव करणे आम्हालाही सोपे जाईल. अर्थात, तुम्ही ते नीट जगला नाहीत तरी तुमचा हक्क आम्ही मानतोच. हक्क हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसते.

आपल्या तरुणांना शेवटी तीन कामे सांगतो. धर्मांतरविरोधी कायद्याचा मसुदा जिथे हाती येईल तिथे त्यातली 'प्रलोभन' या शब्दाची व्याख्या आधी वाचा आणि १४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा तिच्यात घालून पाहा. गावात प्रार्थनेसाठी जमलेल्या कुटुंबावर टोळी चालून आली तर त्या टोळीत आपला एकही पोरगा दिसता कामा नये. दिसावा तर दाराशी, संविधान हातात घेऊन. आणि ख्रिस्ती शेजाऱ्याशी वाद जरूर घाला. ईश्वरावर घाला, जातीवर घाला, बुद्ध आणि ख्रिस्तावर रात्रभर घाला. सोलापुरात बाबासाहेबांनी तेच केले. फक्त त्या वादात पोलीस पाटील बोलावू नका. कारण तो एकदा घरात शिरला की पुढचे दार आपलेच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!